न वाचता दिलेला होकार

आदरणीय अध्यक्ष श्री. अनंतराव पिंपळापुरे, आजचे सत्कारमूर्ती श्री. गौतम लांजेवार, व्यासपीठावर खुर्ची ठेवलेली असूनही खाली तिसऱ्या रांगेत जाऊन बसलेल्या सौ. इंदूताई लांजेवार, आपल्या स्नेहसंघाचे चिटणीस शामराव, कार्यकारिणीचे सदस्य, आणि शंकर नगर, चौबे कॉलोनी, थेट अभनपुराहून आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

शामरावांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. मी एकतीस वर्षं मंत्रालयात स्वीय सहायक होते. साहेबांची पाच मिनिटं किती लांबतात हे मी बाहेर बसून मोजलेलं आहे. तेव्हा आज थोडी सवलत घेते.

शामरावांनी मला एक चिठ्ठीही दिली आहे. तिच्यावर तीन मुद्दे आहेत. पहिला, गौतमभाऊंची रेल्वेतली छत्तीस वर्षांची सेवा. दुसरा, त्यांचा मनमिळाऊ स्वभाव. तिसरा, त्यांनी संघाला केलेलं सहकार्य. पहिल्या दोन मुद्द्यांवर आधीच्या वक्त्यांनी फार छान सांगितलं, मी त्यात भर घालत नाही. तिसऱ्या मुद्द्याशी मी अडले. कारण गेली तीन वर्षं आपण गौतमभाऊंना या संघाचं कुठलंही काम करू दिलेलं नाही. आणि त्याचं कारण त्यांचं काम नव्हे. त्याचं कारण मी आहे.

परवा सकाळी ते दोघं रायपूर सोडून तुमसरला कायमचे राहायला जात आहेत. त्यांच्याबद्दल या संघाच्या वहीत एक ठराव लिहिलेला आहे. तो चुकीचा आहे. ते गाडीत बसण्याआधी तो बदलला गेला पाहिजे. एवढ्यासाठी मी उभी राहिले आहे. हार, श्रीफळ आणि शाल झाल्यावर हे बोलणं शोभत नाही, मला कळतं. पण दुसरी सभा मिळणार नाही.

आपल्यापैकी नवीन मंडळींना थोडी पार्श्वभूमी सांगते. माझं शिक्षण नागपूरच्या कॉन्व्हेंट शाळेत झालं, नोकरी भोपाळला. माझे यजमान नीलकंठ रायपूरचे, शाळामास्तर. लग्नानंतर सोळा वर्षं मी भोपाळला आणि ते इथं. सुटी जोडून आली तर भेट, नाहीतर फोन. सन दोन हजारात राज्य वेगळं झालं, आमच्या फायली ट्रकमधून रायपूरला निघाल्या आणि त्यांच्या मागोमाग मी. लोक म्हणतात राज्यानं आम्हाला काय दिलं. मला नवऱ्याच्या घरी राहायला दिलं. सोळा वर्षं ज्या माणसाला मी मुख्यतः फोनवर ऐकलं, त्याचा आवाज आता रोज स्वयंपाकघरात येऊ लागला.

तो आवाज आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे. तीस वर्षं आपल्या गणेशोत्सवात "चपला उजवीकडे काढा, प्रसादाची रांग डावीकडून" असं कोण सांगायचं? मुलं घाबरायची आणि बायका हसायच्या. दोन हजार चौदाच्या एप्रिलमध्ये त्याच आवाजाच्या पेटीत गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, पेटी काढावी लागेल. माणूस राहील, आवाज राहणार नाही.

ही बातमी कळल्यावर आमच्याकडे पुष्कळ माणसं येऊन गेली. सगळ्यांनी धीर दिला. गौतमभाऊंनी तारीख विचारली.

"ताई, ऑपरेशनले किती दिवस आहेत जी?"

मी म्हटलं, नऊ.

"मंग आठ दिवस आपल्या हातात आहेत. सरांचा आवाज भरून ठिवू."

गौतमभाऊ रेल्वेच्या दूरसंचार विभागात. स्टेशनवर गाडीची जी सूचना होते, ती यंत्रणा त्यांच्याकडे. ती सूचना कोणी बाई बसून रोज सांगत नाही. गाड्यांचे नंबर वेगळे भरलेले, स्टेशनांची नावं वेगळी, "येत आहे" वेगळं आणि "उशिराने धावत आहे" वेगळं. यंत्र हे तुकडे जोडतं. गौतमभाऊ म्हणाले, गाडीसाठी होतं तर माणसासाठी काहून नाही होणार?

मे महिना. आमच्या मागच्या खोलीच्या खिडकीला गाद्या टांगल्या, कारण बाहेरचा आवाज येता कामा नये. पंखा बंद, कारण पंख्याचाही आवाज भरला जातो. त्या भट्टीत हे दोघं रोज सकाळी सहा ते नऊ बसायचे. सरांच्या खांद्यावर ओला टॉवेल, गौतमभाऊंच्या डोक्यावर दुपट्टा. "पाणी हवं." "पाणी नको." "औषध घेतलं." "चित्रा, आत ये." चित्रा म्हणजे आमची मुलगी. "विजया, इंग्रजी आलं, बघ" हेसुद्धा भरलं, कारण आमच्या घरचा नियमच तो होता. कुठलाही इंग्रजी कागद आला की तो माझा. सर उत्तम हिंदी आणि मराठी जाणणारे, पण इंग्रजी आलं की चार हात लांब सरकायचे आणि मला हाक मारायचे.

पाचव्या दिवशी गौतमभाऊ म्हणाले, "सर, भांडणाचं बी भरून ठिवा. ऑपरेशननंतर ताईसंगं भांडणार नाही का?"

सरांनी विचार करून चौदा वाक्यं दिली. "चौदा पुरतील?" असं मला विचारलं.

मी म्हटलं, "मला पुरतील. तुम्हालाच कमी पडतील."

त्या चौदांतलं एक होतं, "विजया, तुझं झालं असेल तर मी बोलू का?" ते भरताना गौतमभाऊ इतके हसले की तीनदा पुन्हा घ्यावं लागलं.

अशी अकराशे त्रेचाळीस वाक्यं आणि शब्द झाले. गौतमभाऊंनी आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर एक बोर्ड तयार केला. पडद्यावर चौकोन, चौकोनात मराठी अक्षरं, चौकोन दाबला की सरांचा आवाज. ऑपरेशन झालं. सतराव्या दिवशी हे घरी आले, खुर्चीत बसले, आणि त्यांच्याच आवाजात म्हणाले, "चहा ठेव, साखर कमी." डॉक्टर लोक जीव वाचवतात, त्यांचे उपकार आहेतच. पण माझ्या घरात पुन्हा माणूस बोलता झाला तो गौतमभाऊंमुळे.

दोन वर्षं हे उत्तम चाललं. आता माझ्या अपराधाकडे येते.

सभागृहात ज्यांच्या घरी कॉम्प्युटर आहे त्यांना मी विचारते, तुम्ही तो विकत घेतला तेव्हा त्यात काय काय आधीच भरलेलं होतं, हे तुम्हाला कोणी सांगितलं होतं का? माझ्या कॉम्प्युटरमध्ये मी न मागितलेल्या तेवीस गोष्टी होत्या. पत्त्यांचे खेळ. एक दुकान. कुठल्याशा परदेशी गावाचं हवामान. महिनाभर फुकट राखण करून नंतर रोज धमकी देणारा एक राखणदार. आणि एक सफाई करणारा. मी त्याला कामाला ठेवलं नव्हतं. तो यंत्रात बसूनच आला होता आणि येता-जाता सांगायचा की तुमच्याकडे कचरा फार झाला आहे. भाड्यानं राहणारा माणूसही घरमालकाला विचारून भिंतीत खिळा ठोकतो. इथं भिंत माझी, पैसे माझे, आणि खिळा ठोकणारे कोण, कुठले, त्यांचा चेहरासुद्धा मी पाहिलेला नाही.

त्यात दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात कंपनीनं नवी आवृत्ती काढली. रोज चौकट यायची. नवी आवृत्ती तुमच्यासाठी तयार आहे. आत्ता घ्या, किंवा आज संध्याकाळी घ्या. तिसरा पर्यायच नाही. "नको" असं सांगण्याची सोय ज्या प्रश्नात नाही, त्याला प्रश्न म्हणायचं का? आमच्या मंत्रालयात असा कागद आला असता तर मी तो शेरा मारून परत पाठवला असता. माझी तीच ख्याती होती. मी न वाचलेल्या कागदावर माझ्या साहेबांची सही एकतीस वर्षांत झाली नाही. ज्यांना त्याचा त्रास झाला असे दोन निवृत्त अवर सचिव आज इथं बसले आहेत, ते साक्ष देतील.

पण घरी मी तसं केलं नाही. एका सकाळी सर आणि चित्रा तपासणीला दवाखान्यात गेले होते. मी टेबल पुसत होते. चौकट आली. नव्या आवृत्तीला जागा कमी पडते आहे, रविवारी सफाई करणारा काही अनावश्यक फायली काढून जागा करील, लगेच पुढचं काम होईल, संमती आहे ना? खाली यादी उघडून पाहायची सोय होती. मी यादी उघडली नाही. एका हातात फडकं होतं, दुसऱ्या हातानं होकार दिला आणि पुढे पुसत गेले.

का दिला? मी पुष्कळ विचार केला आहे. ती चौकट नम्र इंग्रजीत होती. "आम्ही तुमच्यासाठी सगळं नीट करत आहोत." माझ्या शाळेत इतक्या नम्र इंग्रजीत जे कोणी बोलायचं, ते आपल्या भल्याचंच बोलायचं, आणि त्यावर उत्तर एकच असायचं, येस सिस्टर. घरात सगळ्यांना मी सांगून ठेवलं होतं की इंग्रजीला तुम्ही हात लावू नका, तुम्हाला कळत नाही. हिंदीत कोणी मला तेच विचारलं असतं तर मी त्याला दारातच उभं केलं असतं, चार प्रश्न विचारले असते. इंग्रजीपुढे मी उभी राहिले ती शाळेतल्या मुलीसारखी. आणि मग विसरूनही गेले. एवढीशी ती गोष्ट.

त्या रविवारी दुपारी चार वाजता चित्राच्या लग्नाच्या बोलणीसाठी पाहुणे आले. आमचे आजचे जावई यशोधन, त्यांचे आईवडील, काका. सरांनी आठवडाभर तयारी केली होती. वडील म्हणून काय बोलायचं, कुठल्या चौकोनानंतर कुठला दाबायचा, हे कागदावर लिहून काढलं होतं. "नमस्कार. या. प्रवास कसा झाला?" एवढं झालं. आणि पडदा निळा पडला. अपडेट सुरू आहे. तीन टक्के. कृपया बंद करू नका.

सर माझ्याकडे पाहू लागले. मी चित्राकडे पाहिलं. चित्रानं दोन-तीन बटणं दाबली आणि कुजबुजली, "आई, ये तो रुक ही नहीं रहा है."

यशोधनचे वडील भले माणूस. म्हणाले, "रहने दीजिए सर, आराम से. हम बैठे हैं."

एक तास पन्नास मिनिटं. मुलीच्या बोलणीत मुलीचा बाप हातात कागद घेऊन बसून राहिला, आणि पडद्यावर आकडे चढत राहिले. देणंघेणं नाही, अपेक्षा नाहीत, पाहुणे सालस, त्यामुळे लग्न ठरलं. बोलले सगळे, फक्त बाप सोडून. पाहुणे उठताना सरांनी कागदावर पेन्सिलनं लिहून दाखवलं, "मुलगी नीट सांभाळा." यशोधनच्या आईनं तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

संध्याकाळी कॉम्प्युटर उघडला. नवे रंग, नवी चित्रं, नवे खेळ. बोर्ड नाही. बोर्ड ज्यावर चालायचा ते जुनं सॉफ्टवेअर नव्या आवृत्तीला चालत नव्हतं, हे तर दुरुस्त होण्यासारखं होतं. पण आवाजाच्या फायलीच नव्हत्या. अकराशे त्रेचाळीसपैकी एकही नाही. आणि त्या पुन्हा भरायला आवाज कुठून आणायचा? ती पेटी दोन वर्षांपूर्वी गेलेली.

मी गौतमभाऊंना फोन केला. ते म्हणाले, "ताई, काही करू नका. बटणाले हात बी लावू नका. मशीन बंद ठिवा, मी येऊन राहिलो."

पुढचे अकरा दिवस ते ड्यूटी संपली की आमच्याकडे. पुसलेल्या फायली पूर्ण पुसल्या जात नाहीत, त्यांच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत त्या सापडू शकतात, असं त्यांनी मला समजावलं. सफाई करणाऱ्यानं काय काय काढलं याची यादी त्याच्याच नोंदीत होती. ती छापून घेऊन एकेक फाईल शोधायची आणि खूण करायची. आठशे एकसष्ट सापडल्या. उरलेल्यांतल्या काही त्यांनी स्टेशनच्या पद्धतीनं जोडून तयार केल्या. "चित्रा, आत ये" गेलं होतं, तर एका वाक्यातून "चित्रा" घेतलं, दुसऱ्यातून "आत ये". मध्ये एक किंचित फट राहते. पाहुण्यांना कळत नाही. मला कळते.

भांडणाची चौदाही वाक्यं गेली. ती कशातूनच जुळली नाहीत. गेली तीन वर्षं माझ्या घरात भांडणात मी एकटीच बोलते. ज्यांना वाटतं की ही माझी सोय झाली, त्यांनी आठ दिवस करून पाहावं.

आता ठराव. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कार्यकारिणीची सभा झाली. संघाची नवी ध्वनियंत्रणा आणि वाचनालयाचा कॉम्प्युटर कोणी सांभाळायचा हा विषय होता. गौतमभाऊंनी विनामूल्य करतो असं कळवलं होतं. मी उभी राहिले. माझे शब्द मला पाठ आहेत. मी म्हणाले, "ज्यांनी स्टेशनवरचं काहीबाही आणून माझ्या घरच्या मशीनमध्ये घातलं आणि माझ्या नवऱ्याचा आवाज घालवला, त्यांच्या हाती संघाचं काम देऊ नये." गौतमभाऊ समोर बसले होते. अनंतरावांनी त्यांना विचारलं, तुम्हाला काही सांगायचं आहे का? ते म्हणाले, "नाही जी." शामरावांनी वहीत लिहिलं, "श्री. लांजेवार यांच्या कामाबाबत गंभीर तक्रार असल्याने त्यांना जबाबदारी देऊ नये, असे ठरले." एकमतानं. या सभागृहातले नऊ हात वर गेले होते, आणि त्यात सर्वांत आधी माझा होता.

मी तेव्हा खोटं बोलत नव्हते. मला खरंच तसं वाटत होतं. पण मी चौकशी न करता बोलत होते, आणि माझं बोलणं धारदार म्हणून लोकांनी ते खरं मानलं.

त्यानंतर इंदूताई आपल्या हळदीकुंकवाला आल्या नाहीत. तीन संक्रांती गेल्या. आपण आपसात म्हणालो, लांजेवार वहिनी अलीकडे फार आतल्या आत असतात. काहून असतात, हे विचारायला त्यांच्या दारी कोणी गेलं नाही. मीसुद्धा नाही.

आणि गौतमभाऊ? ते पुढच्याच रविवारी सकाळी दहा वाजता आमच्या दारात उभे. "ताई, ब्लॉक घ्याचा आहे."

ब्लॉक म्हणजे काय, हे रेल्वेवाल्यांना माहीत आहे, बाकीच्यांना सांगते. रुळांचं काम करायचं असलं तर रेल्वेत आधी ठरवून, कळवून, ठरावीक तास त्या मार्गावरची वाहतूक थांबवतात. मगच कोणी हत्यार उचलतो. गौतमभाऊ म्हणाले, "चालू लाईनवर कोणी रूळ काढते का, ताई? हे कंपनीवाले काढतात. तर ब्लॉक आपणच घेऊ." त्यांनी इंटरनेटची जोडणी मर्यादित म्हणून नोंदवली, म्हणजे मशीन मनानं काही ओढून घेत नाही. अपडेट थांबवून ठेवले. ते तेवीस आगंतुक एकेक करून काढले, सफाई करणारा सर्वांत आधी. बोर्ड वेगळ्या जुन्या मशीनवर नेला, त्याला इंटरनेट दाखवायचंच नाही. आवाजाच्या प्रती तीन ठिकाणी. आणि महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, प्रत काढून झाल्यावर, दहा ते अकरा, घरच्या कॉम्प्युटरचे अपडेट घ्यायचे. ते घेऊच नयेत असं त्यांनी मला कधी सांगितलं नाही. "सुरक्षेचं औषध घ्यावंच लागते, ताई. पण औषधासंगं कोणी खाट टाकून राहाले आला, तर त्याले विचारा, तू कोण?" एकेक ओळ मी मोठ्यानं वाचायची, मराठीत अर्थ सांगायचा, मगच होकार. मी वैतागायचे. ते म्हणायचे, "हव ताई, पण वाचा."

तीन वर्षं, दर महिन्याला. ज्या बाईनं भर सभेत त्यांचं नाव घालवलं, तिच्या घरी. मी त्यांना चहा द्यायचे आणि मनात म्हणायचे, अपराधाची भरपाई करतो आहे बिचारा. अपराध कोणाचा, हे मला मागच्या महिन्यात कळलं.

ते जाणार म्हणून त्यांनी सगळं मला शिकवून हाती दिलं. त्यात ती छापील यादी होती, खुणा केलेली. तिच्या पहिल्या पानाची वरची पट्टी कात्रीनं कापलेली होती. मला वाटलं, कागद खराब झाला असेल. पण जन्मभर फायली पाहिलेली बाई मी. अपुरा कागद मला ठेववत नाही. ते घरी गेल्यावर मी कॉम्प्युटरमध्ये तशीच राहिलेली मूळ नोंद उघडली. त्यांनीच शिकवलं होतं ना. वर लिहिलं होतं, सोळा जून दोन हजार सोळा, गुरुवार, सकाळी अकरा चाळीस. संमती देणाऱ्याचं नाव, विजया.

मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेले. इंदूताईंनी दार उघडलं, बसा म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी विचारलं, "गौतमभाऊ, तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"हव. पहिल्याच दिवशी दिसलं होतं."

"मग सभेत का बोलला नाहीत? ती पट्टी का कापलीत?"

ते म्हणाले, "सरांचा आवाज तर गेलाच होता, ताई. अन् तो तुमच्या हातानं गेला, हे त्याइले कळलं असतं, तं मंग घरात काय राहिलं असतं? मले चार लोक बोलले. मी घरी येऊन जेवलो. तुमाले जेवण गेलं नसतं."

आतून इंदूताईंचा आवाज आला. ते मी आपल्याला सांगितलं पाहिजे. त्या म्हणाल्या, "तुमी जेवले. मी नाही जेवली."

मंडळी, ते वाक्य घेऊन मी घरी आले.

त्या संध्याकाळी मी नीलकंठना सगळं सांगितलं. त्यांनी बोर्डावर हात नेला. मग काहीच न दाबता ते उठले आणि माझ्यासाठी चहा ठेवला. गौतमभाऊ, तुम्हाला ज्याची भीती होती ते झालं नाही. माझं घर आहे तसंच आहे. तेव्हा आता तुम्ही माझी झाकपाक करण्याचं कारण उरलेलं नाही.

अध्यक्ष महोदय, माझी सूचना अशी. ऑगस्ट दोन हजार सोळाचा ठराव आजच्या सभेत रद्द करावा. त्याखाली लिहावं की तक्रार निराधार होती आणि नुकसान तक्रारदाराच्या स्वतःच्या हातून, न वाचता दिलेल्या संमतीमुळे झालं. तक्रारदार म्हणून माझं पूर्ण नाव लिहावं. "एक सदस्या" असं लिहू नये, शामराव. तुमची ती सवय मला माहीत आहे. ज्या आठ जणांनी माझ्या शब्दावर हात वर केले त्यांनी आपापलं पाहावं. मी त्यांच्या वतीनं बोलत नाही.

गौतमभाऊ, इंदूताई. मी तुमची क्षमा या ध्वनिक्षेपकावरून मागणार नाही. अंगावर शाल असलेल्या माणसाकडे दीडशे लोकांसमोर क्षमा मागितली, तर तो मान हलवण्याखेरीज दुसरं काय करू शकतो? विशेषतः इंदूताई, तुमच्याकडून मला तशी मान हलवून घ्यायची नाही. मी उद्या सकाळी तुमच्या घरी येईन. सामान बांधायला दोन हात लागतील, तेवढं काम करीन. तुम्हाला काही बोलावंसं वाटलं तर बोला, कितीही कठोर. नाही वाटलं तर नका बोलू. आणि येऊ नका म्हणालात, तर मी येणार नाही.

आपण सर्वांनी पाच मिनिटांऐवजी इतका वेळ माझं ऐकून घेतलंत, चहा थांबवलात, त्याबद्दल आभारी आहे. आयोजकांनी माझ्यावर विश्वास ठेवून बोलायची संधी दिली, त्यांच्या चिठ्ठीबाहेर मी गेले, त्याबद्दल त्यांनी मोठ्या मनानं राग सोडावा. बोलताना एखादा शब्द कोणाला लागला असेल, तर तो मला तोंडावर सांगावा, मनात ठेवू नये.

शामराव, वही आणली आहे ना? ठराव आत्ता लिहा. लिहून झाला की आधी मोठ्यानं वाचून दाखवा. मग मी सही करते.